नारायण मेघाजी लोखंडे कोण होते? रविवारची सुट्टी, गिरणीतली धूळ आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा न सुटलेला प्रश्न

बीड : यंत्रात हात सापडला तर जखम त्याच क्षणी दिसते. साक्षीदार असतात, दवाखान्याचा कागद मिळतो, तारीख ठरलेली असते. कामावर श्वासावाटे आत गेलेल्या धुळीचे तसे नसते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत तर आजार समोर यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. तोवर कामगार निवृत्त होऊन गावी परतलेला असतो. कारखाना बंद पडलेला किंवा विकला गेलेला असतो. मग या आजारपणाचा खर्च कोणी सोसायचा?

काम करताना शरीराची हानी झाली तर ती मालकाने भरून द्यावी, अशी संघटित मागणी मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ मध्येच केली होती. तिच्यामागे उभे होते नारायण मेघाजी लोखंडे. रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून त्यांचे नाव अनेकांनी ऐकले आहे. त्यांच्या मागण्यांमधली शेवटची मागणी मात्र फारशी आठवली जात नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्यांसाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

गिरणीत कसे पोहोचले?

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात, एका गरीब माळी कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातले. घरची परिस्थिती बेताची असूनही त्यांनी मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेतले. त्या काळात बहुजन समाजातल्या मुलासाठी ही मोठी मजल होती.

सुरुवातीला त्यांनी रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईतल्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपर म्हणजे गोदामाचा हिशेब ठेवणारा माणूस. तो साच्यावर उभा राहत नाही, पण गिरणीत काय येते, काय जाते आणि कोणाचे काय होते, हे त्याला रोज दिसते. लोखंडे यांनी कामगारांचे आयुष्य पाहिले ते याच जागेवरून.

तेव्हा गिरणीत काय चालायचे?

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या काही दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. कोकण, सातारा, पुणे भागातून माणसे कामासाठी येऊ लागली.

कामाचे तास सूर्यावर ठरत. उजाडले की काम सुरू, मावळले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही लांबायचे, तेरा-चौदा तासांपर्यंत. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. काही सणांना गिरणी बंद राहायची, यंत्रे साफ करायची असतील तेव्हा थांबायची. पगार वेळेवर मिळेलच याची खात्री नव्हती.

त्यात धूळ. कापसाचे गठ्ठे फोडणाऱ्या ब्लो रूममध्ये आणि कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग खात्यात हवेत सतत तंतू उडत असत. ही धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसाचा आजार होतो. त्याला आज बिसिनोसिस म्हणतात.

१८८१ मध्ये ब्रिटिश सरकारने पहिला कारखाना कायदा आणला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी आली. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या आल्या. धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूदही होती. पण प्रौढ कामगारांच्या तासांबद्दल आणि सुट्टीबद्दल या कायद्यात काहीच नव्हते.

‘दीनबंधू’ त्यांच्या हाती कसा आला?

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लोखंडे तरुणपणीच या चळवळीत आले. चळवळीचे विचार मांडणारे ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले होते. पैशांअभावी ते अडचणीत आले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि संपादक झाले.

शेतकरी आणि कामगार यांच्या बाजूने लिहिणारी वर्तमानपत्रे तेव्हा जवळपास नव्हतीच. ‘दीनबंधू’मुळे गिरणीतली गाऱ्हाणी छापून येऊ लागली आणि सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचू लागली.

१८८४ च्या पाच मागण्या कोणत्या?

१८८१ च्या कायद्यात सुधारणा हवी का, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये एक आयोग नेमला. आयोगासमोर कामगारांची बाजू मांडायला कोणी नव्हते. लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात कामगारांच्या दोन सभा घेतल्या. तिथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या आणि अंगठे केले. मागण्या अशा होत्या :

- दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी.
- दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.
- काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे.
- पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.
- कामावर गंभीर इजा झाल्यास कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी.

पहिल्या चार मागण्या वेळ आणि पैसा यांच्या आहेत. पाचवी शरीराची आहे. तोवर समज अशी होती की अपघात हे कामगाराचे नशीब किंवा त्याची चूक. ज्याच्या कामासाठी शरीर मोडले त्याने खर्च उचलावा, हा विचार पाचव्या मागणीत स्पष्टपणे आला.

याच काळात बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही संघटना उभी राहिली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष होते. भारतातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचा उल्लेख होतो. आजच्या युनियनसारखी मात्र ती नव्हती. सभासदांची यादी नव्हती, वर्गणीचा फंड नव्हता, लेखी नियम नव्हते. लोखंडे यांच्यावरचा विश्वास आणि सभेला जमणारी माणसे, हीच तिची ताकद होती.

रविवारची सुट्टी कशी मिळाली?

अर्ज दिला म्हणून लगेच काही मिळाले नाही. सहा वर्षे गेली.

अडचण दुहेरी होती. मालकांचा विरोध तर होताच. शिवाय भारतात कडक कारखाना कायदा यावा म्हणून इंग्लंडमधले लँकेशायरचे गिरणी मालकही दबाव आणत होते, कारण भारतीय गिरण्यांची स्पर्धा त्यांना नको होती. त्यामुळे कायदा म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा इंग्रजांचा डाव, असे अनेक देशी वर्तमानपत्रांना वाटत होते. या गोंधळात कामगारांचे म्हणणे मागे पडत होते. इंग्रज गिरणीवाल्यांचा हेतू काहीही असो, आपल्या कामगाराला विश्रांती हवीच, ही भूमिका लोखंडे यांनी सोडली नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. दोन कामगार स्त्रियांनीही तिथे भाषणे केली. रविवारच्या सुट्टीची मागणी थेट गिरणी मालकांच्या संघटनेकडे गेली. १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली.

त्याच वर्षी सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. त्याच्या मुंबईतील कामकाजात लोखंडे यांना सहयोगी सदस्य म्हणून घेण्यात आले. त्यानंतर आलेल्या १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली गेली. मुलांचे किमान वय नऊ वर्षे झाले. पाचवी मागणी मात्र या कायद्यात आली नाही.

या सुट्टीचा धुळीशीही संबंध आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचे सुरुवातीचे लक्षण म्हणजे सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे. म्हणूनच या त्रासाला सोमवारचा आजार असेही म्हटले जाते. महिनोन्‌महिने सलग काम करणाऱ्याला हा फरक कळणेच अवघड. आठवड्याला एक दिवस धुळीपासून सुटका झाली की त्रास कशामुळे होतो हे कामगाराला ओळखता येते.

गिरणीबाहेर त्यांनी काय केले?

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन करण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी १८९० मध्ये मुंबईतल्या न्हावी समाजाची सभा घेतली आणि हे काम करणार नाही असा निर्धार त्या सभेत झाला. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. तेव्हा कामगार वस्त्यांत शांतता राहावी म्हणून ते फिरले आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत एकोप्याची सभा घेतली. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळू लागले. लोखंडे शहरातच राहून रुग्णांच्या मदतीला धावले. त्यांनाही प्लेगची लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आतच होते. महिनाभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले याही पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना गेल्या.

पाचव्या मागणीचे पुढे काय झाले?

ती कायद्यात यायला ३९ वर्षे लागली. १९२३ मध्ये कामगार भरपाईचा कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व त्यात आले. कामामुळे होणाऱ्या काही आजारांनाही इजा मानले गेले. मात्र सुरुवातीची यादी अगदी लहान होती.

पुढे ही यादी वाढत गेली. फुप्फुसांच्या आजारांपैकी दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसने होणारा अ‍ॅस्बेस्टोसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस आणि उसाच्या चोथ्याच्या म्हणजे बगॅसच्या धुळीने होणारा बगॅसोसिस हे त्यात आले. १९४८ मध्ये कारखाना कायदा आणि कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआयचा कायदा आला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही व्यावसायिक आजारांची यादी आहे.

अ‍ॅस्बेस्टॉसमुळे नेमके काय होते?

अ‍ॅस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज. ते जळत नाही, उष्णता रोखते आणि स्वस्त पडते. म्हणून बॉयलर, वाफेचे पाइप, ब्रेक लायनिंग, गॅस्केट, सिमेंटचे पत्रे अशा असंख्य गोष्टींत ते वापरले गेले.

हे खनिज कापसासारखे पिंजून त्याचा धागा काढता येतो. लोखंडे गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, लंडनच्या एका रुग्णालयात एक कामगार धाप लागते म्हणून दाखल झाला. तो अ‍ॅस्बेस्टॉसचे कापड करणाऱ्या कारखान्यात कार्डिंग खात्यात होता. वर्षभरात तो गेला आणि त्याच्या फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सापडले. तरी ब्रिटनमध्ये या धुळीवर नियम यायला १९३१ उजाडले.

तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. फुप्फुसात गेले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती वण तयार होतात, फुप्फुस कडक होते आणि चढ चढताना, जिना चढताना दम लागू लागतो. हा अ‍ॅस्बेस्टोसिस. याशिवाय फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही.

महाराष्ट्रातही हे घडले आहे. मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी डॉक्टरांच्या गटाने केली. त्यातल्या ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस आढळला. म्हणजे जवळपास दर चौघांमागे एकाला. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?

अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना दिलेले मुख्य आदेश असे :

- प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यातला जो काळ उशिरा संपेल तोवर जपून ठेवावी.
- कामगारांच्या आरोग्याचा विमा असावा.
- आजारी ठरलेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई मिळावी.

भारतात अ‍ॅस्बेस्टॉसवर आजही पूर्ण बंदी नाही. पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस बाहेरून आयात होतो आणि मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांसाठी वापरला जातो.

बीडशी याचा संबंध काय?

लोखंडे यांच्या काळात बीड निजामाच्या राज्यात होते. मुंबईचे कारखाना कायदे इथे थेट लागू नव्हते. आज कायदा एकच आहे, पण तीन ठिकाणी हा प्रश्न बीडकरांच्या घरापर्यंत येतो.

पहिले, परळी वैजनाथचे औष्णिक केंद्र. जगभरातल्या जुन्या औष्णिक केंद्रांत बॉयलर, टर्बाइन आणि वाफेचे पाइप गुंडाळण्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात असे. परळीचे पहिले संच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे. त्यामुळे जुन्या संचांवर देखभालीचे काम केलेल्या कायम आणि कंत्राटी कामगारांनी आपण काय हाताळले होते हे विचारणे योग्यच ठरते. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांत उमेद घालवून गावी परतलेल्यांनाही हेच लागू होते.

दुसरे, साखर कारखाने. बगॅसच्या ढिगांवर काम करणाऱ्यांना बगॅसोसिसचा धोका असतो, आणि तो भरपाईच्या यादीत आहे.

तिसरे, ऊसतोड. दरवर्षी जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. तिथे रविवार नाही. एक दिवस चुकला की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचे समोर आले. पाळीच्या त्रासात खाडा पडू नये, ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. लोखंडे यांची पहिली आणि पाचवी मागणी इथे एकत्र येतात.

घरात धुळीत काम केलेले कोणी असेल तर काय करावे?

- कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, कोणत्या वर्षी काम केले आणि काय हाताळले, हे कागदावर लिहून ठेवा. कंत्राटदाराचे नावही लिहा.
- नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या, पीएफ क्रमांक, ईएसआय कार्ड, गेटपास, जुने फोटो असे जे असेल ते जपा. आजार कामामुळे झाला हे दाखवताना याच गोष्टी उपयोगी पडतात.
- सोबत काम केलेल्या दोन-तीन जणांशी संपर्क ठेवा. कंत्राटी कामगाराकडे कागद नसतात, तेव्हा त्यांची साक्ष महत्त्वाची ठरते.
- दम लागत असेल, कोरडा खोकला जात नसेल तर डॉक्टरांना जुने काम आवर्जून सांगा. ते सांगितले नाही तर टीबी किंवा दमा समजून उपचार होण्याची शक्यता असते.
- छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाची क्षमता मोजणारी पीएफटी तपासणी करून घ्या. रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा.
- बिडी, सिगारेट बंद करा. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.
- ईएसआय असल्यास त्यांच्या रुग्णालयातून वैद्यकीय मंडळाकडे जाता येते. नसल्यास कामगार भरपाई आयुक्तांकडे दावा करता येतो. दाव्याला मुदत असते, त्यामुळे निदान झाल्यावर थांबू नका.

थोडक्यात

मुंबईत परळला असलेल्या राज्याच्या कामगार अभ्यास संस्थेला लोखंडे यांचे नाव आहे. २००५ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघाले. साप्ताहिक सुट्टी कारखान्यांत रुळली. पाचवी मागणी कायद्यात आली, पण ती मिळवण्यासाठी कामगाराला आपले जुने काम सिद्ध करावे लागते. १८८४ मध्ये साडेपाच हजार जणांच्या सह्या एका अर्जावर आल्या, म्हणून त्यांचे म्हणणे आयोगापर्यंत पोहोचले. आज तीस वर्षांपूर्वीच्या धुळीबद्दल बोलायचे तर जुनी पगाराची पावती आणि सोबतच्या कामगाराचा फोन नंबर, यापासून सुरुवात करावी लागेल.